पुठ्ठा

आधी गाडीखाली पुठ्ठा सरकवायचा,
फ्रिजच्या खोक्याचा, रुंद, कोरडा.
मग रात्रभर काही करायचं नाही.
सकाळी ओढून काढला की वाचता येतं:
हे काळं, इंजिनचं.
हे मधासारखं, उग्र वासाचं, मागच्या डिफरन्शियलचं.
आणि हे पाण्यासारखं, रंगावर सांडलं तर रंग सोलणारं,
क्लचच्या सिलिंडरचं.
तीन गळत्या. चौथी अजून पोटात होती.

ओलेन्सियोबाबनी ती कुडतरीहून आणली
ट्रॅक्टरला दोरीने बांधून.
लाल, दोन सीटची, इतकी बुटकी
की बसल्या बसल्या हात रस्त्याला टेकावा.
अडुसष्टची. मोंबासाहून बोटीने मुरगावला उतरलेली
आणि आता सहा वर्षं गोठ्यात उभी.

आम्ही कुडचड्याची टिप्परवाली माणसं.
खाणी चालू होत्या तेव्हा दिवसाला दोन क्लच उतरवायचो,
माझी नि शाणूची पाठ त्यातच गेली.
टिप्परचा क्लच म्हणजे बैलाला नाल ठोकणं.
हिचं तसं नाही.
इंजिन नि गिअरबॉक्स एकत्रच वर उचलावी लागतात,
एक सोडून दुसरं येत नाही.
चेनब्लॉकला टांगून तिरकी केली, इंच इंच,
शाणू खालून ओरडतोय, थांब, थांब, माझं बोट.

प्रेशरप्लेटचे सहा बोल्ट काढले.
आतल्या चकतीला अस्तर शाबूत होतं.
झिजली नव्हती, भिजली होती.

क्रँकच्या मागच्या टोकाला बघतो तर सीलच नाही.
बनवणाऱ्याने बसवलंच नव्हतं.
एक उलटा आटा कापलेला फक्त,
फिरता फिरता तेल परत आत वळवणारा.
म्हणजे इंजिन चालू आहे तोवर सगळं ठीक.
गाडी थांबली की गळणार.
याला औषध नाही. मी चहा प्यायलो.

मग ते कार्बनचं बेअरिंग. झिजून पार नखाएवढं उरलेलं.
शाणू म्हणाला, हा माणूस क्लचवर पाय ठेवून चालवतो.
गुरुवारी ओलेन्सियोबाब आले तेव्हा मी बेअरिंग दाखवलं,
टिप्परच्या ड्रायव्हरांना द्यायचो तोच दम दिला:
गिअर पडला की पाय उचलायचा.

त्यांनी ते हातात घेतलं. अंगठा काळा झाला.
"तो पांय म्हजो न्हय," म्हणाले. "तो एर्मेलिंदाचो."
केप्याच्या शाळेत शिकवायला जायची याच गाडीने.
वाटेतल्या चढावर गाडी मागे घरंगळेल ही भीती,
म्हणून सपाटीवरही पाय तयार.
मी रोज ओरडायचो, म्हणाले. रोज.
बेअरिंग रुमालात बांधून त्यांनी खिशात टाकलं.
मी नव्याचा भाव सांगायचा राहिलो.

चकती मधोमध बसवायचं हत्यार मिळेना,
शाणूने सुरूच्या लाकडाचा दट्ट्या तासला.
ऑइलपॅनला कॉर्क, झाकणाला नवी गॅस्केट,
सिलिंडरला रबर. दोन गळत्या बंद झाल्या,
डिफरन्शियलची तिसऱ्या खेपेला झाली.
पहिल्या दोन खेपांबद्दल बोलायचं नाही.

ट्रायलला तेच चालवायला बसले, मी शेजारी,
गुडघे हनुवटीला लावून.
सावर्ड्याच्या पुलाचा चढ आला, गाडी नीट चढली.
पलीकडे सपाट रस्ता.
त्यांचा डावा पाय मात्र क्लचवरच, हलका टेकलेला.
मी नदीकडे बघत राहिलो. रेतीची एक होडी चालली होती.

रात्री पुन्हा पुठ्ठा.
सकाळी एकच थेंब, काळा, चवलीएवढा, मधोमध.
मी म्हटलं, बाब, हा राहणार. रोज फिरवलीत तर कमी.
"रोज," ते म्हणाले, आणि पैसे मोजायला लागले,
मध्येच चुकले, पुन्हा पहिल्यापासून.

दुपारी शाणू त्याच पुठ्ठ्यावर आडवा झाला.
उठला तेव्हा सदऱ्याला डाग.
मला दाखवून म्हणतो, बघ, आता मीही गळतो.